मला बिनविरोध नको होतं

अहो, गुरुनाथअण्णांनी अर्ज मागं घेतला नाही. तीन वाजले, प्रांतसाहेब घड्याळाकडं बघत उठले, दार लागलं, आणि अण्णा काही आत आले नाहीत. मी तिथंच व्हरांड्यात टाळी वाजवली. बंदोबस्ताचा हवालदार वळून बघायला लागला. समोरच्यानं माघार घेतली नाही म्हणून खूश होणारी उमेदवार त्यानं अख्ख्या नोकरीत पाहिली नसेल. आपला कार्यकर्ता नंदू कपाळाला हात लावून पायरीवर बसला आणि म्हणाला, आता मरा वहिनी. मी म्हटलं, मरायचं कशाला, आता तर निवडणूक आहे.

खरीखुरी निवडणूक, बरं का. मशीनवर माझं नाव, शेजारी बटण, लोकांच्या बोटाला शाई. तुम्हाला कधी एकदा सांगीन असं झालं होतं. गाडीत बसल्याबरोबर पर्समध्ये फोन शोधायला लागले, आणि मग लक्षात आलं. म्हणून हे लिहितेय. नीट जुळवून वगैरे लिहिणार नाही, आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

माझं हे हसणं लोकांना बरं दिसत नाही, ठाऊक आहे मला. परवा तुमच्या आतेबहिणीनं तोंडावरच विचारलं की वहिनी, एवढ्यात तुम्हाला जमतं तरी कसं. काय सांगू तिला? बाथरूमचा दिवा चालू ठेवून जायची तुमची खोड होती. इतकी वर्षं मी मागून जाऊन तो बंद करायची आणि करताना बडबडायची. आता तो बंदच असतो. सकाळी तिथं जाते, बडबडायला काही सापडत नाही, मग रडू येतं. मनसोक्त रडते, तोंड धुते, साडी नेसते आणि तालुक्याला निघते. दोन्ही खरं आहे. तिला हे सांगितलं असतं तर तिनं आणखी चार जणींना सांगितलं असतं, म्हणून गप्प बसले.

आता आपलं भांडण. तुम्ही ते अर्धंच टाकून गेलात, त्यामुळे हल्ली मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं.

थोरले भाऊजी आमदार असताना गेले तिथून ते सुरू झालं. जाऊबाई आधीच गेलेल्या, पोरंबाळं नाहीत, मग धाकटा भाऊ म्हणून सगळ्यांनी तुम्हाला धरलं. तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवत होता आणि त्यात सुखी होता. विधानभवनानं जागा रिकामी झाल्याचं जाहीर केलं, सहा महिन्यांच्या आत भरायची म्हणून पोटनिवडणूक लागली, आणि मग आपल्याकडची रीत पुढं आली. गेलेल्याच्या घरातलं कुणी उभं राहिलं की बाकीच्यांनी उभं राहायचं नाही. गुरुनाथअण्णा तेव्हा तरणेबांड, नुकते राजकारणात आलेले. त्यांनी अर्ज भरला होता. चार वडीलधाऱ्यांनी त्यांना बसवून समजावलं, घरातलं दुःख दाखवलं, आणि त्यांनी तो मागं घेतला. एकच अर्ज उरला. अधिकाऱ्यांनी निवडून आल्याचा दाखला तुमच्या हातात दिला. एक मत पडलं नाही आणि तुम्ही आमदार झालात.

गुलालानं माखून घरी आलात आणि जेवायला बसल्यावर ताटाला हात लावेनात. मी विचारलं, बरं वाटत नाही का.

"मला कुणी निवडलंच नाही गं," तुम्ही म्हणालात.

मला ते चोचले वाटले. मी नातेपुत्याच्या बाजारात वाढलेली. वडिलांचं भुसार दुकान. गिऱ्हाईक हाक न मारता आपल्या पायानं आत आलं म्हणून आमच्यात कधी कुणी ताटावरून उठलं नाही. मी तुम्हाला म्हटलं, आमदारकी मिळाली ना, मग मुकाट भाकरी खा. तुम्ही खाल्लीत, पण तेव्हापासून आपल्या घरात दोन पक्ष झाले. तुमचं म्हणणं, जागा घराची नसते, मतं देणाऱ्यांची असते. माणूस गेला की ती त्यांच्याकडं परत जाते आणि पुन्हा कुणाला द्यायची ते त्यांनीच ठरवायचं. माझं म्हणणं, ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराची लोकांनी थोडी बूज राखली तर बिघडलं कुठं? दारात रडारड चाललीय आणि समोरून कर्णा लावून विरोधकाची जीप जातेय, हे काय शोभतं का?

मग महाराष्ट्रात कुठंही एखादा आमदार गेला की आधी तुम्ही हळहळायचात, चार फोन करायचात, आणि संध्याकाळी आपण भांडायचो. एकदा कुणी पुढारी दोन ठिकाणांहून उभा राहून दोन्हीकडं निवडून आला होता, आठवतं? एक जागा ठेवली, दुसरी सोडली. तुम्ही टीव्हीसमोर उभं राहून त्याला झाडत होता की लोकांनी उन्हात रांगा लावून दिलेली जागा यानं परत टाकली आणि आता त्याच लोकांना पुन्हा रांगेत उभं करणार. मी मुद्दाम म्हटलं, बघा, तुमच्या मनासारखं झालं, तिथं मतदान होणार. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी चटणीची वाटी उचलून आत पळाले.

पण त्या बिनविरोध वर्षाचं एक मला फार आठवतं. शपथ घेऊन आलात आणि जीप काढलीत. मला म्हणालात, चल. मी म्हटलं कुठं. म्हणालात, निवडून आल्यावर आधी ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्याकडं जावं, आणि मला तर कुणीच दिलेलं नाही, तेव्हा सगळीकडंच जाऊ. आणि खरंच सगळीकडं गेलो आपण. शाळेला सुट्टी असली की मी मागच्या सीटवर, मांडीवर पाण्याची बाटली आणि माझ्या वर्गाच्या तपासायच्या वह्या. कुठल्या वस्तीला जायचा रस्ता पावसाळ्यात ओढा ओलांडून जातो, कुठल्या गावात मराठीत बोललं तरी उत्तर कानडीत येतं, हे सगळं मला त्या वर्षानं दिलं. परत येताना अक्कलकोटला थांबायचो, दर्शन घ्यायचो, आणि तुम्ही दर वेळी विचारायचात की तुला कंटाळा येत नाही का. मी म्हणायची, येतो की, पण घरी बसून काय करू. खोटं होतं ते. मला बिलकूल कंटाळा यायचा नाही.

पुढच्या निवडणुकीला अण्णा समोर उभे राहिले. मोजणी संपेपर्यंत मी नुसत्या पोळ्या लाटत होते. तुम्ही थोडक्यात आलात. बाहेर कार्यकर्ते नाचत होते, आणि तुम्ही सरळ स्वयंपाकघरात येऊन माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलंत आणि मला धरून तिथंच नाचलात. कणकेचा हात तुमच्या सदऱ्याला लागला. तो सदरा मी टाकलेला नाही.

आणि एक गोष्ट तुम्हाला मी कधी बोलले नाही. तुम्ही गावोगाव भाषणं करायचात आणि मी गाडीत किंवा बायकांच्या घोळक्यात बसून ऐकायची. कुठं लांबवलंत, कुठं लोकांचं लक्ष उडालं, कुठं थांबायला हवं होतं, मला सगळं कळायचं. अहो, मी सातवीच्या वर्गातल्या पोरींना दुपारच्या उन्हात व्याकरण ऐकायला लावलेली बाई. मला मनातून वाटायचं, द्या इकडं तो माईक. तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी कधी सांगितलं नाही. विचारलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं, ते वेगळं.

आता तुमच्या मागं काय झालं ते ऐका. एवढी मरमर करून या खेपेला निवडून आलात आणि वर्षही नीट बसला नाहीत. तेरावं झालं तशी मुंबईहून पक्षाचे साहेब आले. आपल्या पुढच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. त्यांनी तुमच्याबद्दल चांगलं बोलून घेतलं, मग म्हणाले की वहिनी, तुम्ही उभं राहायचं. खरं सांगते, मला आनंदच झाला. तुमचं तेरावं नुकतंच झालेलं आणि माझ्या मनात लाडू फुटतायत. मी विचारलं, प्रचाराला सुरुवात कुठून करायची? साहेब हसले. म्हणाले, प्रचार कशाला, मतदानच व्हायचं नाही. समोरच्या पक्षाशी बोलणं झालंय. गुरुनाथ अर्ज भरेल आणि शेवटच्या दिवशी मागं घेईल. भरून मागं घेतला की त्याचाही मोठेपणा दिसतो. तुम्ही फक्त सही करायची आणि हात जोडायचे.

मी हो म्हटलं. इतकी वर्षं माझीच बाजू ती होती ना, मग आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? पण सगळे गेल्यावर मला कसंतरीच व्हायला लागलं. तुमच्या ताटाची आठवण झाली. तरी मी स्वतःलाच दटावलं की चोचले पुरेत.

आपल्या ऋतुजाला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, आई, चांगलंच आहे की, तुला त्रास नाही. सगळे हेच म्हणत होते. मला त्रास नको म्हणून सगळं गाव झटत होतं.

पोटनिवडणूक लागली, दोघांचेही अर्ज भरून झाले. तरी मी नंदूला म्हटलं, गाडी काढ, मी गावं फिरून येते. तो म्हणाला, गरज काय? मी म्हटलं, मला जायचंय. तर पहिल्याच दिवशी त्या माळावरच्या मेंढपाळांच्या वस्तीवर गेलो. बाया जमल्या, तुमच्यासाठी डोळे पुसले, माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग एक बाई, कडेवर कोकरू घेतलेली, मला म्हणाली की यंदा मतदान न्हाय म्हनत्यात, खरं का? मी म्हटलं, हो, बिनविरोध होईल बहुतेक. मला वाटलं ती बरं झालं म्हणेल. तिचं तोंड उतरलं.

"मग आमच्याकडं कोन येनार बाई?" ती म्हणाली. "मतदान आसलं की दोगं येत्यात. अण्णानं भाषनात काडलं म्हून तुमच्या मालकांनी जनावराच्या दवाखान्याचं कुलूप उगडलं. आता पुन्ना बंद हाय. आता कुनाच्या भ्यानं उगडनार?"

मला राग आला तिचा. म्हटलं, माझा नवरा जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि ही त्याचं काम भीतीच्या खाती घालतेय. शिवाय मी काही करणार नाही हे तिनं आधीच धरून टाकलंय. मी तुटकच बोलले आणि गाडीत बसले. वाटेत नंदू तिला शिव्या देत होता, आणि मला एकदम त्याचाच राग यायला लागला. कारण मला कळलं होतं की बाई मला वाईट बोललीच नव्हती. तिला मला काहीतरी मागायचं होतं आणि त्या बदल्यात द्यायला तिच्याकडं जे होतं, ते मी येण्याआधीच तिच्या हातातून काढून घेतलं गेलं होतं. मी तिच्यापुढं हात जोडून उभी होते, पण मला तिच्याकडून काहीच नको होतं. मग मी तिथं गेले कशाला? तुमच्या ताटावरचं तुमचं तोंड मला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांनी, आणि तुम्ही नसताना. म्हणून म्हणते, भांडण तुम्ही जिंकलात, पण हजर नव्हतात, तेव्हा फार चढून जाऊ नका.

दुसऱ्याच दिवशी मी अण्णांच्या घरी गेले. एकटी, नंदूला न सांगता, रिक्षानं. अण्णांच्या आई, त्या मैंदर्गीच्या अव्वा, ओसरीवर सुपात तुरी निवडत बसल्या होत्या. अव्वांना मराठी समजतं, पण मनात असेल तेव्हाच. अण्णा मला बघून धडपडत उठले, चहा सांगितला, आणि मी बोलायच्या आधीच म्हणाले, वहिनी, तुम्ही निश्चिंत राहा, मी शब्द दिलाय, माघार घेतोच आहे.

"ती घेऊ नका, हे सांगायला आलेय," मी म्हटलं.

अण्णांना वाटलं दुःखानं माझं डोकं फिरलंय. चहा येईपर्यंत ते अगदी हळू आवाजात बोलत होते, आजारी माणसाशी बोलावं तसं. मी त्यांना सगळं सांगितलं. वस्ती, दवाखाना, तुमचं न जेवणं. अण्णांनी चहाची बशी तशीच खाली ठेवली. मग म्हणाले, लोक माझ्या तोंडात शेण घालतील. बाईचं कुंकू पुसलं आणि हा मतं मागत फिरतोय म्हणतील. आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, म्हणाले की एकदा माघार घेतली ती घेतली, त्यानंतर मुकुंदरावांनी मला दर खेपेला पाडलं. पहिल्यांदा लढलो असतो तर काय झालं असतं हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

बघा, म्हणजे तुम्ही दोघं एकाच गोष्टीनं कुढत होता आणि एकमेकांना पत्ता नाही. समोरासमोर सभा घेऊन एकमेकांची उणीदुणी काढलीत, पण हे कधी बोलला नाहीत. पुरुषांचं काय करावं कळत नाही.

मी म्हटलं, अण्णा, आता ते नाहीत. आता मी आहे. मला पाडून दाखवा. त्यावर ते पहिल्यांदा हसले. मग गंभीर झाले आणि विचारलं, हे चार माणसांत बोलाल? मी म्हटलं, बोलते. म्हणाले, बोला, मग बघू. निघताना अव्वा सुपातून वर न बघता कानडीत काहीतरी पुटपुटल्या. अण्णांनी त्याचं मराठी करून सांगितलं नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी आपल्या पक्षानं तुमच्यासाठी सभा ठेवली होती. तुमचा फोटो, हार, समया. मला वाटेत तीन वेळा सांगितलं गेलं की दोन शब्द बोला आणि खाली बसा. माईक हातात आला. अहो, काय सांगू तुम्हाला! आवाज अगदी वर्गात लागतो तसा लागला. मी म्हटलं, गुरुनाथअण्णांनी माझ्यासमोर उभं राहावं अशी विनंती मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन केलीय. ते उभे राहिले तर त्यांना कुणी नावं ठेवायची नाहीत. आणि मला मत द्यायचं असेल तर माझ्या कामाकडं बघून द्या, कपाळाकडं बघून नको.

स्टेजवरचे एकमेकांकडं बघायला लागले. मग मागं बैलांच्या बाजूला कुणीतरी शिट्टी मारली आणि हसणं आलं, टाळ्या आल्या, आणि त्या बायकांच्या बाजूनं जास्त आल्या. मी मुद्दाम बघत होते.

साहेबांचा फोन घरी पोचायच्या आत आला. फार सभ्य माणूस, आवाज चढवला नाही. फक्त विचारलं की वहिनी, तुम्ही पडू शकता हे तुम्हाला समजतंय ना? मी म्हटलं, समजतंय की, तेच तर. ते म्हणाले, ही पक्षाची जागा आहे. मग माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, की जागा पक्षाची नसते, घराची नसते, मतं देणाऱ्यांची असते. साहेबांनी फोन ठेवला. मी हसत सुटले आणि मग हसता हसता रडले, कारण इतकी वर्षं ज्या वाक्यावर मी तोंड वाकडं केलं ते आता माझ्या जिभेवर होतं आणि ऐकून चिडवायला तुम्ही नव्हता.

आणि नंदूचा पराक्रम तर अजून सांगितलाच नाही. या गाढवानं चौकात भला मोठा फ्लेक्स लावला. बिनविरोध आमदार झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. माघारीचा दिवस उजाडायच्या आधीच! खाली शुभेच्छुक म्हणून स्वतःचा गॉगलवाला फोटो आणि वर माझा. तोही कुठला, तर तुमच्या तेराव्याला काढलेला, डोळे सुजलेले, पदर तोंडाला. मी त्याला म्हटलं, काढ तो आत्ताच्या आत्ता. म्हणाला, वहिनी, उद्या लागणारच आहे, शिडी पुन्हा आणावी लागेल. दुसऱ्या दिवशी माणसं चहा पीत त्या फ्लेक्सखाली उभी आणि वाचतायत. अण्णांची गाडीही तिथं थांबली होती म्हणे. काच खाली करून त्यांनी तो सगळा वाचला, शुभेच्छुकांच्या नावांसकट.

अपक्ष उमेदवार दोघे होते, त्यांना नंदूनं आधीच गोड बोलून घरी पाठवलं होतं. आता सगळं अण्णांवर. मी सकाळपासून प्रांत ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर बसले. जेवणानंतर अण्णांची गाडी आली आणि समोरच्या लिंबाखाली उभी राहिली. आत अण्णा, दोन्ही बाजूंना त्यांच्याच पक्षाची दोन माणसं, आणि दोघंही हातवारे करून बोलतायत. मला बाकावरून ओठ दिसत होते, शब्द नाही. मला वाटलं, संपलं. आता उतरतील, सही करतील, माझ्यापुढं येऊन वहिनी म्हणून हात जोडतील, आणि मी आमदार होईन. तुम्हाला म्हणून सांगते, मी देवाला हात जोडले की असं होऊ देऊ नको. आमदारकी नको म्हणून देवाला हात जोडणारी मी पहिलीच असेन. मग गाडीचं दार उघडलं, पण उतरली ती कडेची दोन माणसं. दार लागलं, आणि अण्णांनी गाडी वळवायला लावली आणि निघून गेले. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

घाबरलेय का? घाबरलेय तर. अण्णा कसलेले आहेत, माणसं त्यांच्या मागं आहेत, आणि त्यांना इतक्या वर्षांचं उट्टं काढायचंय. आपल्यातले निम्मे रुसलेत. मी पडले तर लोक म्हणतील हातात आलेलं बाईनं घालवलं, आणि ते खोटंही नसेल. ऋतुजा फोनवर म्हणाली, आई, बाबा असते तर काय म्हणाले असते? मी म्हटलं, बाबा असते तर जागाच रिकामी झाली नसती. मग तिनं जेवलीस का म्हणून विचारलं.

पण खरं सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. ऑफिसातून निघाले ती सरळ घरी आले नाही. नंदू म्हणाला, उद्या मुहूर्तानं नारळ फोडू आणि प्रचाराला लागू. मी म्हटलं, मला आजच एक मत मागायचंय, आणि गाडी अण्णांच्या घराकडं घ्यायला लावली. तो गाडीतून उतरायलाच तयार नव्हता.

अण्णा अजून आले नव्हते. अव्वा ओसरीवर एकट्याच. मला बघून त्यांनी सूप बाजूला सरकवलं. "बा, कुंद्रु," म्हणाल्या, ये, बस म्हणून. मी उभीच राहिले. म्हटलं, अव्वा, मत मागायला आलेय.

"माजा ल्योक उबा हाय की," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, म्हणूनच पहिली तुमच्याकडं आले.

अव्वा माझ्याकडं बघत राहिल्या. कपाळाकडं नाही, तोंडाकडं. मग म्हणाल्या की तुझ्या मालकाला मी कधी दिलं नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे.

"मग तुला का देऊ? सांग की."

अहो, तुम्ही गेल्यापासून लोकांनी मला काय दिलं नाही? खांद्यावर हात दिला, डबे दिले, तिकीट दिलं, अख्खी जागा देऊ केली. का म्हणून द्यायचं, हे मला एकानंही विचारलं नव्हतं. मी चपला काढल्या, अव्वांच्या समोर मांडी घालून बसले, आणि सांगायला लागले.